रिंगण आणि कॅमेरा : अरीना फायटर खेळांच्या अभ्यासाची प्रस्तावना

अरीना फायटर प्रकारातला एखादा खेळ पहिल्यांदा लावाल, तेव्हा पहिल्या तासाभरात जे वाटलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. अभ्यासकांच्या जगात पहिल्या ठशाला फारसा मान नसतो. नीट खेळून, शिकून, मुरल्यावरच मत द्यावं अशी आपली रीत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती योग्यही आहे. या खेळांच्या बाबतीत मात्र पहिला ठसा हाच एक पुरावा असतो, आणि तो टिकत नाही. कॅमेरा गरकन फिरतो, समोरचा योद्धा चौकटीबाहेर निसटतो, आपलाच योद्धा पाठमोरा उभा राहून अर्धा पडदा अडवतो. पहिल्या तासात हे सगळं डोळ्यांत खुपतं. आठवडाभर खेळलं की डोळे सरावतात आणि मधे कॅमेरा नावाचं काही आहे याचाच विसर पडतो. ज्याला तो दिसेनासा झाला, त्याला या प्रकाराचं मर्म सांगणं अवघड जातं.

माझ्या मते हे मर्म कॅमेऱ्यातच आहे. अरीना फायटरचा इतिहास बहुतेक जण पात्रांच्या नावांनी आणि कंपन्यांच्या नावांनी सांगतात. मी तो एका प्रश्नाच्या अंगाने वाचतो : ही लढत आपण कुणाच्या नजरेने पाहतो आहोत? दोन माणसं, एक मोकळं रिंगण आणि घरात एकच टीव्ही. या तिघांचा मेळ बसवताना प्रत्येक खेळाने काय सोडलं आणि काय राखलं, हे पाहायला लागलो की वरवर सारखे दिसणारे खेळ एकमेकांपासून फार वेगळे दिसू लागतात.

आधी हद्द आखून घेऊ. 1991 साली कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर 2’ आला आणि फाइटिंग गेमचा साचा पक्का झाला. दोघे आमनेसामने, कॅमेरा बाजूला, मधे एक सरळ रेषा. पुढे, मागे आणि उडी, एवढ्याच दिशा. हे तोकडेपण फार कामाचं होतं, कारण दोघांमधलं अंतर खेळणाऱ्याला कायम स्वच्छ दिसे. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत ज्यांनी हा खेळ पाहिला असेल त्यांना आठवेल, मशीनमागे उभा राहून बघणारासुद्धा ‘आता मारेल’ हे बरोबर सांगायचा. सगळ्यांची नजर एकच होती. 1993 मध्ये सेगाच्या ‘व्हर्चुआ फायटर’ने आकृत्या त्रिमितीत आणल्या, तरी लढत बरीचशी रेषेवरच राहिली. बाजूला सरकण्यासाठी वेगळं बटण मिळालं ते मालिकेच्या तिसऱ्या भागात, 1996 साली. आपल्याकडे घरोघरी आणि पार्लरांत गाजलेल्या ‘टेक्केन 3’मध्येही बाजूला पाऊल टाकता येतं, पण ते पाऊलच, भटकंती नव्हे. अरीना फायटर सुरू होतो तो स्टिक ज्या दिशेला ढकलावी त्या दिशेला योद्धा सरळ पळू लागतो तिथे. रेषा जाते आणि मैदान येतं. आणि मैदान आलं की कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न निघतो.

त्याला मिळालेलं सगळ्यात आनंदी उत्तर म्हणजे ‘पॉवर स्टोन’. कॅपकॉमने तो 1999 साली आर्केडसाठी आणि सेगाच्या ड्रीमकास्ट या कॉन्सोलसाठी आणला. 9 सप्टेंबर 1999 रोजी ड्रीमकास्ट अमेरिकेत विक्रीला आलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून मिळणाऱ्या खेळांत तो होता. दिग्दर्शन हिदेआकी इत्सुनो यांचं, ज्यांचं नाव पुढे ‘डेव्हिल मे क्राय’ आणि ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ या मालिकांशी जोडलं गेलं. नवख्याने सुरुवात इथून करावी असा माझा आग्रह आहे, म्हणून या खेळापाशी जरा थांबतो.

खोलीएवढं रिंगण, त्यात खुर्च्या, टेबलं, पेट्या, खांब. दोघांकडे सुरुवातीला एकेक रत्न असतं आणि तिसरं थोड्या वेळाने मैदानात कुठेतरी पडतं. मार बसला की अंगातलं रत्न निखळून बाहेर उडतं आणि ज्याला आधी गाठता येईल तो ते उचलतो. तिन्ही जमले की योद्ध्याचं रूप पालटतं आणि थोडाच वेळ टिकणारी अफाट ताकद हाती येते. नियम एवढाच. पण त्यामुळे काय होतं ते बघा. आधीच्या फाइटिंग गेममध्ये पळणारा भित्रा ठरे. इथे पळणाऱ्याला काम असतं : रत्न गाठायचं आहे, वाटेत टेबल उचलून मागच्याच्या अंगावर भिरकवायचं आहे, खांबावर चढून डोक्यावरून निसटायचं आहे. आडवी आलेली भिंत लाथ मारून उसळी घ्यायला उपयोगी पडते. सामान हे मागच्या चित्राचा भाग न राहता दोघांच्या भांडणात उतरतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याचा हात आपोआप जवळच्या खुर्चीकडे जातो, आणि ती खुर्ची खरोखर उचलता येते. माझ्या लेखी या संपूर्ण प्रकाराने नवख्याला दिलेलं हे सगळ्यात मोठं आश्वासन आहे.

आता कॅमेरा. ‘पॉवर स्टोन’मध्ये तो एकच आहे, थोडा वरून तिरका पाहणारा, आणि दोघांचा सामाईक. योद्धे लांब गेले की तो मागे सरकतो, जवळ आले की पुढे येतो. दोघेही एकाच चित्रात असल्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. रिंगण लहान का, याचं उत्तरही यातच सापडतं. एकाच कॅमेऱ्याने दोघांना कवेत घ्यायचं तर मैदान फार वाढवता येत नाही. वाढवलं तर माणसं मुंगीएवढी होतात. 2000 साली आलेल्या ‘पॉवर स्टोन 2’ने हेच बंधन ताणून पाहिलं. चौघे खेळाडू, आणि लढत चालू असताना बदलत जाणारी रिंगणं. एका ठिकाणी हवाई जहाज मोडतं, चौघेही आकाशातून खाली पडू लागतात आणि पडता पडताही झगडत राहतात. पहिल्यांदा पाहताना तिथे आपण कोणता योद्धा हेच सापडत नाही. हा दोष आहे हे मला मान्य आहे, पण सामाईक नजर नेमकी कुठवर पुरते हे इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

दुसरं उत्तर पूर्ण उलट्या टोकाचं. कॅमेरा योद्ध्याच्या पाठीमागे बांधायचा आणि प्रत्येकाला स्वतःची नजर द्यायची. सेगाचा 1995 चा ‘व्हर्च्युअल ऑन’ दोन स्टिकच्या, जोडलेल्या आर्केड मशीनवर हेच करत होता. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘गंडम’च्या दोनास दोन लढतींच्या आर्केड मालिकेने हाच मार्ग धरला. तिथे यंत्रमानवांच्या प्रत्येक जातीला किंमत असते. यंत्रमानव पडला की त्याची किंमत दोघांच्या सामाईक खात्यातून वजा होते आणि खातं रिकामं झालं की डाव गेला. त्यामुळे भारी यंत्र घेऊन बेफिकीर लढणाऱ्यापेक्षा हलकं यंत्र सांभाळून वापरणारा जोडीदार अनेकदा जास्त मोलाचा ठरतो.

पाठीमागच्या कॅमेऱ्याने मैदान हवं तेवढं मोठं करता येतं. आकाशही वापरता येतं. पण अंतराचा अंदाज जातो. कबड्डीत चढाईला गेलेला गडी समोरची सगळी फळी एका नजरेत तोलत असतो, कुणी कोपऱ्याकडे सरकलं तर त्याला डोळ्याच्या कडेने कळतं. पाठीमागच्या कॅमेऱ्यात ही कड उरत नाही. म्हणून लॉक-ऑनची सोय करावी लागली : समोरच्याला नजरेत धरून ठेवायचं काम खेळच करतो, आपण फक्त जवळ जायचं, लांब राहायचं की बाजूने वळसा घालायचा हे ठरवायचं. लॉक-ऑन ही नवख्यावर केलेली मेहेरबानी आहे, असं अनेक जुने खेळाडू म्हणतात. मला ते पटत नाही. ती पाठीमागच्या कॅमेऱ्याने मागितलेली किंमत आहे. प्रतिस्पर्धी अचानक पाठीमागे गेल्यावर कॅमेरा गरकन वळतो आणि स्टिकवरची ‘पुढे’ ही दिशा क्षणात बदलते, तेव्हा ही किंमत किती आहे ते पहिल्याच तासात बोटांना कळतं.

घरात हा प्रश्न आणखी बिकट होतो. आर्केडमध्ये प्रत्येकाला स्वतःचा पडदा मिळू शकतो, दिवाणखान्यात टीव्ही एकच. इथे ‘ड्रॅगन बॉल’वरच्या ‘स्पार्किंग’ मालिकेचं उदाहरण फार बोलकं आहे. स्पाइक कंपनीने तयार केलेला तिचा पहिला भाग 2005 साली प्लेस्टेशन 2 वर आला, जपानबाहेर ‘बुडोकाई तेंकाइची’ या नावाने. पाठीमागचा कॅमेरा, उडणारे योद्धे, डोंगर फोडणारे किरण, आणि दोघे खेळायला बसले की पडद्याचे दोन भाग. 2007 च्या तिसऱ्या भागात पात्रांची संख्या 161 वर गेली. त्यानंतर मालिका बराच काळ थांबली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ‘स्पार्किंग! झीरो’ आला, 182 पात्रं घेऊन. मूळ ‘ड्रॅगन बॉल’ कथेचे चित्रकार अकिरा तोरियामा त्याच वर्षी 1 मार्च रोजी वारले होते. त्यामुळे अनेकांनी हा खेळ हाती घेतला तो जड मनाने.

नव्या खेळातली रिंगणं भव्य आहेत, फुटतात, कोसळतात. पण तो बाजारात आला तेव्हा एकाच टीव्हीवर दोघांना खेळायचं असेल तर एकच जागा उघडी होती : मूळ कथेतली ती काळाची खोली, जिथे आत वर्ष गेलं तरी बाहेर एकच दिवस सरतो. तिथे काही नाही, नुसता पांढरा अथांग विस्तार. ही निवड कशामुळे झाली असेल हे तंत्र बघितलं की लक्षात येतं. पडदा दुभंगला की यंत्राला तेच जग दोन नजरांनी, दोनदा रंगवावं लागतं. सेकंदाला 60 चित्रं हवीत आणि डोंगरही फुटायला हवेत, तर शेजारी बसलेल्या मित्राची नजर परवडत नाही. म्हणून मित्रासाठी रिकामी खोली. कथेतल्या एका जागेचा इतका चतुर उपयोग पाहून निर्मात्यांचं कौतुक वाटतं. तरीही ज्या खेळाची ओळख बहुतेकांना भावंडांच्या आणि मित्रांच्या शेजारी बसून झाली, त्यात शेजारची जागाच आकसली याचं मला मनापासून वाईट वाटतं. या क्षेत्रात काम करणाऱ्याने ही खंत दडवू नये. कोणत्या सोयीपायी कोणता माणूस बाहेर राहिला हे नोंदवणं आपल्या कामाचाच भाग आहे.

मधल्या वाटाही शोधल्या गेल्या. 2008 चा ‘डिसिडिया फायनल फँटसी’ हातातल्या प्लेस्टेशन पोर्टेबलवर आला. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा असल्यामुळे नजरेचा तंटाच उरला नाही. आणखी धीट प्रयोग ‘पोकेन टूर्नामेंट’चा. 2015 साली तो जपानी आर्केडमध्ये आणि 2016 साली वी यू या कॉन्सोलवर आला. त्यात लढतीचे दोन टप्पे आहेत. एका टप्प्यात मैदान मोकळं, कॅमेरा पाठीमागे, लांबून मारा. ठरावीक मार बसला की लढत दुसऱ्या टप्प्यात जाते आणि तीच पात्रं बाजूच्या कॅमेऱ्यासमोर, रेषेवर, जुन्या पद्धतीने भिडतात. एकाच फेरीत दोन परंपरा. वी यूवर दोघे खेळत असले तर एक जण टीव्हीकडे बघे आणि दुसरा कंट्रोलरमधल्याच छोट्या पडद्याकडे. पहिल्यांदा खेळताना टप्पा बदलला की पोटात खड्डा पडतो, कारण दिशांचा अर्थ बदललेला असतो. दोन नजरांतला फरक शरीराला समजावून सांगायला याहून चांगला पाठ नाही.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स’चं काय, हा प्रश्न दरवेळी येतो. कॅमेरा बाजूचा असल्यामुळे काटेकोर व्याख्येत तो बसत नाही, आणि मी तो बसवायचा हट्टही धरत नाही. तो हद्दीवरचा शेजारी आहे. पण त्याच्या जन्माची हकीकत प्रत्येक अभ्यासकाने माहीत करून घ्यावी. त्याचे निर्माते मासाहिरो साकुराई आर्केडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स 95’ खेळत असताना समोरच्याला त्यांनी पार लोळवलं. मग पाहिलं तर पलीकडच्या मशीनवर एक जोडपं बसलं होतं, अगदीच नवखं. त्या दोघांचा विरस झालेला पाहून त्यांना वेगळ्या धर्तीच्या खेळाची गरज वाटली. एचएएल लॅबोरेटरीत ते आणि सातोरू इवाता यांनी चेहरे नसलेल्या पात्रांचा एक कच्चा नमुना तयार केला आणि त्यातूनच 1999 चा खेळ घडला. रक्ताच्या पट्टीऐवजी वाढत जाणारे टक्के, आणि जीव घेण्याऐवजी मैदानाबाहेर फेकणं. एका नवख्या जोडप्याचा पहिला ठसा कडवट झाला म्हणून एवढी मोठी परंपरा उभी राहिली. पहिल्या तासाला मी एवढं महत्त्व का देतो, हे यावरून लक्षात येईल.

या प्रकारावर नेहमी होणारा आरोप म्हणजे यात नुसती बटणं बडवायची असतात. आरोपात तथ्य आहे. बऱ्याच खेळांत एकच बटण सलग दाबलं की डोळे दिपवणारा कॉम्बो निघतो. पण त्यावरून खोली नाही असं ठरवणं घाईचं होईल. सायबरकनेक्ट2 या फुकुओकाच्या कंपनीची ‘नारुतो : अल्टिमेट निंजा स्टॉर्म’ मालिका घ्या, 2008 पासूनची. पहिल्यांदा खेळणाऱ्याला तिच्यात हमखास फसवल्यासारखं वाटतं. आपला ठोसा अचूक बसतो आणि समोर निंजाऐवजी लाकडाचा ओंडका पडलेला असतो. तो स्वतः पाठीमागे उभा. 2012 च्या ‘जनरेशन्स’ भागापासून या निसटण्याला चार खणांची स्वतंत्र पट्टी आली. एकदा निसटलं की एक खण रिकामा, आणि तो भरायला वेळ लागतो. पट्टी दोघांचीही पडद्यावर दिसते. झालं, खेळ बदलला. आता मी साधा ठोसा मारतो तो इजा करायला नव्हे, समोरच्याचा एक खण खर्ची पाडायला. तोही ओळखतो आणि मार खाऊन घेतो, कारण मोठा हल्ला येईल तेव्हासाठी खण राखायचा आहे. बटणं तीच, तेवढीच सोपी. डोक्यात मात्र चाललेला असतो हिशेब. हा हिशेब पहिल्या तासात दिसत नाही, पहिल्या तासात दिसतो तो ओंडका. दोन्ही लिहून ठेवा.

अजून एका ठिकाणी नवख्याने सावध राहावं, आणि ते ठिकाण गोड आहे. यातले बहुसंख्य खेळ मांगा आणि अ‍ॅनिमेवर बेतलेले आहेत. आपल्याकडच्या एका पिढीने ‘ड्रॅगन बॉल’च्या गोकूला कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलताना पाहिलं आहे. त्या पिढीतल्या माणसाने ‘स्पार्किंग’ लावला आणि दोन्ही हात कमरेशी नेऊन निळा किरण सोडला, की त्याला जे वाटतं त्यातलं खेळाने किती दिलं आणि आठवणींनी किती, हे वेगळं करणं सोपं नसतं. ओळखीच्या आनंदाला कमी लेखायचं कारण नाही, या खेळांचा तो हक्काचा भाग आहे. पण त्याच आनंदाआड पोकळ खेळही खपून जातात. यावर मी एक साधी कसोटी वापरतो : पात्रांचे चेहरे आणि आवाज मनातल्या मनात पुसून टाकायचे आणि उरलेल्या दोन बाहुल्यांची लढत तरीही रंगते का ते पाहायचं. ‘पॉवर स्टोन’ या कसोटीवर सहज उतरतो. 2019 चा ‘जंप फोर्स’ उतरत नाही.

तरीही त्या ‘जंप फोर्स’साठी मी इथे एक परिच्छेद राखून ठेवतो आहे. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकाच्या पन्नाशीनिमित्त वेगवेगळ्या कथांचे नायक त्यात एकत्र आणले होते. तीनच वर्षांत, फेब्रुवारी 2022 मध्ये, त्याची डिजिटल विक्री बंद झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन सेवाही. अनेक मालकांच्या परवान्यांवर उभा असलेला खेळ असा बाजारातून उठू शकतो. पुस्तक दुर्मीळ झालं तरी ग्रंथालयात सापडतं. डिजिटल खेळाच्या बाबतीत तशी खात्री नाही, आणि ऑनलाइन लढतींचं तर काहीच उरत नाही. म्हणून फसलेल्या खेळांचीही टिपणं, चित्रफिती आणि नियमांच्या नोंदी आपण करायला हव्यात. प्रकार कुठे अडखळला हे फसलेल्या खेळातच नीट कळतं.

करण्यासारखं काम पुष्कळ पडलं आहे. स्पर्धांचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये ‘पोकेन’ इव्हो या अमेरिकेतल्या मोठ्या फाइटिंग गेम स्पर्धेत मुख्य खेळांच्या यादीत होता. पाठीमागच्या कॅमेऱ्याची लढत हजारो प्रेक्षकांना दाखवायची तर कोणाच्या पाठीमागून? एका खेळाडूची नजर दाखवली की दुसऱ्याचे डावपेच झाकले जातात, दोन्ही दाखवल्या तर प्रेक्षकाचे डोळे भिरभिरतात. ‘स्ट्रीट फायटर’च्या मशीनमागे उभा राहणारा तो बघ्या इथे बेघर होतो. त्याला परत जागा कशी द्यायची, यावर निर्माते, समालोचक आणि अभ्यासक यांनी एकत्र बसून विचार करायला हवा.

सुरुवातीपुरतं सांगायचं तर, ‘पॉवर स्टोन’चे दोन्ही भाग 2025 मध्ये कॅपकॉमच्या ‘फाइटिंग कलेक्शन 2’ या संचात पुन्हा निघाले आहेत, त्यामुळे जुनं ड्रीमकास्ट शोधत फिरायची गरज उरलेली नाही. ते आधी खेळा, मग ‘स्टॉर्म’ किंवा ‘स्पार्किंग! झीरो’. एकट्याने संगणकाविरुद्ध खेळू नका. शक्यतो फाइटिंग गेमचा गंध नसलेल्या कुणाला तरी शेजारी बसवा, कंट्रोलर त्याच्या हाती द्या आणि पहिल्या फेरीत काहीही शिकवू नका. तो कधी ‘मी कुठे आहे?’ असं विचारतो, कधी त्याचा योद्धा भलत्याच दिशेला पळतो, कोणत्या क्षणी तो पहिल्यांदा पुढे सरसावून बसतो, हे टिपून ठेवा. मग खेळ बदला आणि त्याच माणसाबरोबर पुन्हा तेच करा.